प्रतिविषाच्या पुढे जायला हवे

लावणीच्या चिखलात कुणाला ‘पान लागले’, म्हणजे साप चावला, की घरचे त्याला उचलून ग्रामीण रुग्णालय गाठतात. डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे थांबतात. नळी कलती केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचा दाट संशय. मग प्रतिसर्पविष सुरू होते. आज त्याला पर्याय नाही. पण ते पुरेही पडत नाही, आणि याची लाज आपल्याला वाटायला हवी.

या सापांच्या विषातली, जस्ताच्या बळावर चालणारी विकरे केशवाहिन्यांचे अस्तर कुरतडतात. भिंत सैल पडते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. घोणस चावलेल्या काही रुग्णांत वाहिन्यांतले पाणीच बाहेर झिरपते, डोळे आणि गाल सुजतात, रक्तदाब कोसळतो. प्रतिसर्पविषातली, घोड्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे फिरते विष पकडतात. फुटलेली भिंत त्यांना सांधता येत नाही, आणि सुजलेल्या पायात ती फारशी शिरत नाहीत.

उमेदवार औषधे आहेत. कर्करोगासाठी घडवलेले मारिमास्टॅट हीच विकरे अडवते. धातूंच्या विषबाधेवरचे युनिथिऑल त्यांचे जस्त ओढून घेते. विषातल्या दुसऱ्या गटाच्या विकरांवरचे व्हॅरेस्प्लॅडिब भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. मुख्य निकषावर ते उतरले नाही; मात्र दंशानंतर पाच तासांत ते मिळालेल्यांमध्ये फायद्याच्या खुणा दिसल्या. पाच तास! वाडीवरून जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. म्हणून या औषधांची खरी परीक्षा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारातच व्हायला हवी.

हे जमणार नाही असे कोणी सांगू नये. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि तडफडून मरणारी मुले वाचू लागली. ते काम रुग्णाच्या खाटेशी बसून झाले.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. त्यांच्यासाठी औषध शोधण्यात कंपन्यांना नफा दिसत नाही. तेव्हा पैसा सरकारनेच घालावा लागेल. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केला. त्यात चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी ठेवा, कोकणातली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यासाठी निवडा आणि तिथल्या डॉक्टरांचे प्रशिक्षण पुढच्या पावसाआधी उरका.