पहाटे पाचचं संचलन

दिल्लीत साडेदहाला संचलन सुरू होतं तेव्हा इथे स्विंडनला पहाटेचे पाच वाजलेले असतात. यंदा २६ जानेवारी नेमकी सोमवारी आली. शाळा, ऑफिस सगळं होतं, बाहेर मिट्ट काळोख. तरी लेक रजई गुंडाळून सोफ्यावर येऊन बसली. तिला चित्ररथ आवडतात, आणि मोटारसायकलवरच्या कसरती.

यंदा प्रमुख पाहुणे युरोपीय संघाचे होते. त्यांतले अँटोनियो कोस्टा दिसले तशी मी म्हटलं, "हे आपले हं, मूळ मडगावचे. घरी त्यांना बाबुश म्हणतात."

"मग ते इंडियन की पोर्तुगीज?"

"पोर्तुगीज. तिथले पंतप्रधान होते. ओसीआय कार्ड आहे त्यांच्याकडे, २०१७ मध्ये मिळालं."

"म्हणजे ते आणि आपण सेम!"

आमचे पासपोर्ट पोर्तुगीज आहेत. या मासिकाच्या वाचकांना ते नवीन नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या मुला-नातवंडांना तो मिळू शकतो. आधी बाबांची, मग माझी जन्मनोंद लिस्बनला झाली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करावा लागला. हे सगळं झालं ते माझ्या आजोबांच्या जन्माच्या कागदावर.

आणि आजोबा पेडण्याचे! १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही पत्रादेवीवरून आत शिरले. हातात तिरंगा, बाकी काही नाही. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचा कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडला. कुठलं इसरू, कुठलं पेडणे! आजोबा तेव्हा विशीत होते. त्या दिवसाबद्दल बोलायला लागले की मध्येच गप्प व्हायचे. त्याच वर्षापासून दिल्लीचं संचलन कायमचं राजपथावर होऊ लागलं. पण पेडणेकरांसाठी दिल्ली परदेशातच होती. बांदा इतकं जवळ, तरी तिथे जायचं तर हद्द ओलांडावी लागे.

मी कागद मागायला गेले तेव्हा आजोबांनी तो ट्रंकेतून काढून दिला. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तुका थंय तांच्या बावट्याक उबें रावचें पडटलें?"

"नाही हो आजोबा," मी म्हटलं. खरं तर मला ठाऊक नव्हतं.

लेकीला हे मी पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, "मग तू त्यांना सॉरी म्हणालीस?" एवढ्यात डिचोलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या ध्वजवंदनाहून घरी परतल्या होत्या, नातीला शाळेच्या मुलांची कवायत दाखवायची होती. कॉल संपेपर्यंत टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू झालं. लेक रजईसकट उभी राहिली. मीही राहिले.

मोपाचा विमानतळ आता पेडण्यातच आहे. डिसेंबरात उतरलो की डिचोलीला जाण्याआधी गाडी पत्रादेवीच्या स्मारकाकडे वळवायची, असं तिनं ठरवून टाकलंय. सासूबाईंना मात्र अजून सांगितलेलं नाही. त्या जेवण गरम करून वाट बघत बसतात.