दफ्तरातला उमेदवार

'उमेदवार' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या फलकांवर भेटतो, हात जोडलेला आणि दात दाखवणारा. जुन्या कचेऱ्यांतला उमेदवार मात्र निराळा प्राणी होता. कारकुनाच्या बैठकीशेजारी बसावे, नकला कराव्यात, दौतीत शाई घालावी आणि वर कोणाची जागा रिकामी झाली म्हणजे आपली वर्णी लागेल या आशेवर बिनपगारी दिवस काढावेत, हे त्याचे आयुष्य. 'उमेदवारी करणे' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. तो उमेदवार इतिहासजमा झाला असे कोणाला वाटत असेल, तर मी त्याला एक जिवंत नमुना दाखवायला तयार आहे.

हा माझा एके काळचा विद्यार्थी. मराठी सोडून तो इतिहासाकडे गेला याबद्दल मी त्याला अजून पुरती क्षमा केलेली नाही. वय तेहतीस. नाव सांगत नाही, कारण लौकरच त्याची एक मुलाखत व्हायची आहे आणि मुलाखती घेणारी मंडळीही दिवाळी अंक वाचतात. त्याने पीएच. डी.साठी विषय घेतला तो अठराव्या शतकातल्या मराठी कारकुनांचा. ते लिहायला कुठे शिकत, किती पगारावर राहत, कागद जुन्नरी वापरत की दौलताबादी, पत्राचा मायना चुकला तर काय होई, असल्या गोष्टींचा. लग्नकार्यात त्याला एखादे काका हटकून विचारतात, "काय रे, महाराजांवर काही नवीन सापडलं का?" तो सांगतो, "काका, मी कारकुनांवर काम करतो." काकांचा चेहरा पडतो. वास्तविक काकांची स्वतःची पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेत कारकुनी करण्यात गेलेली असतात; पण आपणही इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांच्या मनाला काही केल्या पटत नाही.

या काळाला त्याच्या बिरादरीत 'आद्य-आधुनिक' म्हणतात. सोळाव्या शतकापासून अठराव्याच्या अखेरीपर्यंतचा काळ. शब्द माझ्या कानाला खडबडीत लागतो. पण आपण ज्याला सरसकट मध्ययुग म्हणून मोकळे होतो त्याच काळात कागद, कचेरी, हिशेब आणि पत्रव्यवहार यांनी मराठी माणसाच्या घरात ठाण मांडले, हे त्या शब्दामुळे ध्यानात येते. तेव्हा शब्द राहू द्यावा.

या कामाची पहिली पायरी मोडी. मोडीची मुळाक्षरे गिरवता येणे आणि मोडी वाचता येणे, यांत पोहण्याचे पुस्तक आणि विहीर यांच्याइतके अंतर आहे. कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे टांगीत जाई. शब्द तोडायचे नाहीत, पूर्णविराम द्यायचा नाही. ऱ्हस्वदीर्घाचा तर पत्ताच नाही. आम्ही वर्गात ज्या ऱ्हस्वदीर्घासाठी पोरांचे गुण कापतो, त्याच्यावाचून नाना फडणीसांच्या दफ्तराचे काहीएक अडले नाही! शिवाय संक्षेप. 'प॥' म्हणजे परगणा, 'त॥' म्हणजे तर्फ. आणि ह्याच दोन उभ्या रेघा आकड्यापुढे आल्या की अर्धा. एखादा घाईचा हात असला म्हणजे परगणा संपून हिशेब कुठे सुरू झाला हे ठरविण्यात दुपार जाते.

मोडीतली एकच करामत सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, ती म्हणजे आनंदीबाईने केलेला 'ध'चा 'मा'. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला हे खरे. पण त्या 'ध'चा कागद कुठे आहे असे विचारले की आमचा तरुण नुसता हसतो. अशा गोष्टी सांगणाऱ्याला श्रोते मिळतात, कागद मागणाऱ्याला मिळत नाहीत, हे त्याला आता कळून चुकले आहे.

दुसरी पायरी तारखांची. मराठी कागदांवर शुहूर सन असतो. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहायचे. पानिपतचे वर्ष म्हणजे 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. महिना आणि तारीख बहुधा मुसलमानी चांद्र पंचांगातली. सगळे शब्द दिलेले असले तर ठीक. पण कारकूनही माणूसच. घरच्या मंडळींना लिहिताना तो नुसते 'सन सलास' लिहून मोकळा होतो. सलास म्हणजे तीन. कुठले तीन? सितैनातले की सबैनातले? म्हणजे ११६३ की ११७३?

या प्रश्नाने त्याचे एक प्रकरण बुडविले. एका कागदातले 'सलास' त्याने ११६३ चे, म्हणजे इसवी सन १७६२-६३ चे धरले होते. त्या वर्षी थोरले माधवराव सतरा-अठरा वर्षांचे पोर, पानिपताचा घाव ताजा, निजामाची चढाई डोक्यावर. अशा धामधुमीतही कचेरीची शिस्त कशी शाबूत होती, यावर त्याने चाळीस पाने लिहिली. पुढे त्याच हाताचा दुसरा कागद निघाला आणि सलास सबैनातले ठरले. म्हणजे १७७२-७३. माधवराव तोवर राज्य करून, नोव्हेंबर १७७२ मध्ये वारलेसुद्धा होते. चाळीस पाने रद्द. "चार महिने गेले, सर," तो म्हणाला, "पण बरं झालं, छापायच्या आधी कळलं." असे 'बरं झालं' म्हणणारी माणसे हल्ली दुर्मिळ आहेत म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता दफ्तराविषयी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कोट्यवधींनी आहेत. ते रुमालांत बांधलेले असतात. चिठ्ठी द्यावी, शिपायाने रुमाल आणून ठेवावा, आपण गाठ सोडावी. शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण अजून एखाद्या घडीतून खाली पडतात. शिंका येतात. पहिल्या वर्षी त्याला त्या वाळूचे फार अप्रूप होते. आता तो खिशात रुमाल ठेवतो. दिवसाकाठी चाळीस कागद पाहावेत आणि चाळीसही दाणागल्ल्याचे निघावेत, हे नेहमीचे.

हे कागद टिकले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. इंग्रजांना इनामांचे दावे तपासायचे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, कोणाची जमीन खरी इनाम आणि कोणाची खालसा करायची हे ठरविण्यासाठी जुने कागद लागले, म्हणून ते जपले गेले. अभ्यासकांना ते दार पुढे बरीच वर्षे किलकिलेच होते. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड काढले तेव्हा कुठे या साठ्याचे रूप जगाला दिसले. आणि तरीही तो साठ्यातला एक चिमूटभर भाग.

आमच्याकडे इतिहासकाराची गोष्ट नेहमी त्यागाची सांगतात. राजवाड्यांची सांगतात. त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, बावीस खंड; गावोगाव पायपीट केली, हाताने स्वयंपाक केला, १९१० साली मेहेंदळ्यांसह भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. सगळे खरे आणि वंदनीय. पण रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढून १९२५ साली निवृत्त झाले आणि मग कामशेतला बसून एवढे काम करू शकले, हे कोणी सांगत नाही. शेजवलकरांना डेक्कन कॉलेजने जागा दिली, हेही व्याख्यानांत येत नाही. संशोधकाला दोन वेळा जेवावे लागते ही गोष्ट आपल्याला जरा अप्रशस्त वाटते की काय, कोण जाणे. आमच्या तरुणाच्या बायकोने एकदा या राजवाडे-महात्म्याला एका वाक्यात उत्तर दिले. ती म्हणाली, "राजवाड्यांची बायको तरुणपणीच वारली होती. तुझी आहे."

ती शाळेत नोकरी करते म्हणून घर चालते. तो तासिका तत्त्वावर शिकवतो. वाचकांना ठाऊक नसेल तर सांगतो: कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, तेव्हा कॉलेजे तासावर माणसे घेतात. जितके तास तितके पैसे, आणि तेही महिनोन्महिने मागाहून. दरवर्षी नवी मुलाखत, नवा हुकूम. सकाळी एका गावात तीन तास, मग एस. टी. आणि दुपारी दुसऱ्या गावात दोन. परीक्षांचे पर्यवेक्षण, स्नेहसंमेलन, तपासणी-समितीसाठी फायली रंगविणे, ही सगळी कामे त्याच्याकडे. कारण 'तू तरुण आहेस'. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. दिवाळीची सुट्टी त्याला खरे तर पर्वणी. रुमाल सोडायला सलग दिवस मिळावेत. पण ऐन दिवाळीत सरकारी दफ्तरही बंद! बाकी वर्षभर दफ्तर उघडे असते, तेव्हा हा वर्गात 'मराठ्यांच्या पडझडीची कारणे' लिहून देत असतो. कारणे सातच सांगायची, आठवे सांगितले तर मुले गोंधळतात.

नोकरीसाठी लेख छापून यावे लागतात, आणि इंग्रजीत आले तर त्यांचे वजन पडते. ते योग्यच आहे असे म्हणणारे आहेत. फुकाझावा हिरोशींसारखे जपानी विद्वान मराठी कागद वाचीत आणि इंग्रजीत लिहीत. त्यांचा 'द मिडीव्हल डेक्कन' हा संग्रह त्यांच्या मागे १९९१ साली निघाला. मराठी लेखनव्यवहारावरचे प्राची देशपांडे यांचे 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' हे २०२३ चे पुस्तक, तेही इंग्रजीत. त्यामुळे कारकून हा विषय निदान विद्यापीठात तरी हसण्यावारी जात नाही. माझे दुखणे वेगळे आहे. हा मुलगा मराठीत फार चांगले लिहितो. कारकुनाच्या मायन्यांवरचा त्याचा एक लेख मी वाचला. 'बहुत काय लिहिणे' हे तीन शब्द किती तऱ्हांनी लिहिता येतात, त्यांत राग कुठे आणि मिनतवारी कुठे, हे त्याने असे काही उलगडले आहे की मी तो आमच्या एम. ए.च्या वर्गाला वाचून दाखविला. त्या लेखाचे गुण शून्य. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही कॉलेजात पेढे वाटले. पेढा त्यालाही मिळाला.

२०२३ साली मात्र मोडीला एकदम भाव आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुनी महसुली व शाळांची दप्तरे वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीला घरात कोणी विचारीत नव्हते तिच्यासाठी लांबलांबचे नातेवाईक पणजोबांच्या नोंदीची छायाचित्रे घेऊन त्याच्या दारात येऊ लागले. त्याने पुष्कळांचे वाचून दिले, फुकट. मी विचारले, "कंटाळा नाही येत?" तो म्हणाला, "सर, १८५२ सालीही लोक असेच उभे असणार. कोणाचं तरी काहीतरी अडल्याशिवाय रुमाल सुटत नाही." संगणकाला मोडी शिकविण्याचेही प्रयत्न चालू आहेत. २०१४ मध्ये युनिकोडने या लिपीला जागा दिली. पण यंत्राला शिकवायला आधी माणसाने वाचलेले कागद लागतात, तेव्हा तिथेही हाच उमेदवार.

सरकारी दफ्तरापेक्षा नाजूक प्रकरण खाजगी वाड्यांचे. एका जुन्या घराण्याने त्याला माळ्यावरची दोन दप्तरे मोठ्या प्रेमाने दाखविली, जेवू घातले, मुलांना बोलावून 'हे आपल्या घराण्याचा इतिहास लिहिताहेत' म्हणून ओळख करून दिली. कागद वाचता वाचता निघाले ते असे, की मूळ पुरुषाने वतनासाठी भावाशी तीस वर्षे तंटा केला आणि सावकाराचे देणे शेवटपर्यंत फेडले नाही. अठराव्या शतकात निम्म्या महाराष्ट्राची हीच कथा. पण घरच्यांना ती नको होती. आजोबा म्हणाले, "बाळ, एवढं वगळलंस तर बाकी सगळं छाप." त्याने वगळायचे नाकारले, कारण त्याच्या कारकुनाची सगळी करामत त्या तंट्याच्या कैफियतीतच होती. दप्तरे परत माळ्यावर गेली. प्रबंधाचे एक प्रकरण त्यांच्याबरोबर गेले. मार्गदर्शकांनी त्याला हट्टी म्हटले. मी म्हटले नाही. मराठीतले आमचे अर्धे चरित्रवाङ्मय अशा 'एवढं वगळलंस तर'वर उभे आहे, हे मी जाणतो.

त्याची दुसरी तक्रार तुम्हा-आम्हांविषयी आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर ती सांगितलेली बरी. घराची झाडलोट करताना मोडी कागद निघाले, तर ते रद्दीत घालू नका आणि विसर्जनही करू नका. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका. ती वर्षांनी पिवळी पडते आणि अक्षर घेऊन सुटते. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच नको. घडी जुनी असेल तर जोराने उलगडू नका. सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा, आणि जवळच्या संशोधन-मंडळात नाहीतर इतिहासाच्या प्राध्यापकाला कळवा. कागद दाणागल्ल्याचे असले तरी. त्याला दाणागल्लाही हवाच असतो.

मुलाखत पुढच्या महिन्यात. जागा एक, अर्ज किती आले हे कोणी सांगत नाही. परवा बसथांब्यावर भेटला, तेव्हा ती गोष्ट न काढता तो 'मशारनिल्हे' हा शब्द बायकांनी लिहिलेल्या पत्रांत कुठे पाहिलात का, असे मला विचारीत होता. मी पाहिला नव्हता. बस आली आणि आम्हा दोघांनाही उभेच राहावे लागले.