आधी गरी, मग रील

मंगळवारी जेवणानंतर टीममधला एक ज्युनिअर माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. हातात मोबाईल, त्यावर तीन रॉडची शेजारीशेजारी तुलना. 'मलापण मासे पकडायला सुरुवात करायचीये. यातला कुठला घेऊ? बजेट दहा हजार.'

मी म्हटलं, 'मासा कुठला?'

'म्हणजे?'

'कुठला मासा धरायचाय? कुठल्या पाण्यात?'

'ते बघू ना नंतर. आधी रॉड तर घेतो.'

मंडळी, हा संवाद मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी हाच संवाद माझ्या आणि मामाच्या मध्ये झाला होता, फक्त तेव्हा मोबाईल माझ्या हातात होता. मामानं विचारलेला प्रश्न मला त्या वेळी अगदी गावठी वाटला होता. आज वाटतं, तो ऐकला असता तर माझे निदान दहा हजार रुपये वाचले असते. आणि एक मासाही.

तर झालं असं. अस्मादिक इंजिनिअर. त्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे आधी एक्सेल शीट. अकरा रीलं, नऊ कॉलम. गिअर रेशो, बॉल बेअरिंग किती, मॅक्स ड्रॅग किती किलो, वजन, बॉडी कशाची. प्रत्येक कॉलमला वेटेज. तीन वीकांत या कामात गेले आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. शेवटी ५.२ गिअर रेशो आणि १२ किलो ड्रॅगवालं एक देखणं रील, त्याला शोभेलसा सात फुटी रॉड, ३० पौंडी ब्रेडेड दोरी आणि सहा रंगीबेरंगी नकली मासे असा १४,३०० रुपयांचा ऐवज घरी आला. गरी, गाठ आणि मासा या तीन गोष्टींना माझ्या शीटमध्ये कॉलमच नव्हता.

(गरी म्हणजे हूक. घाटावर आपण गळ म्हणतो, मामा गरी म्हणतो. तो शब्द मला जास्त आवडतो, म्हणून इथे तोच.)

मामा चौलला राहतो. एसटीतून रिटायर झालाय. त्याचं सामान म्हणजे एक लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली, तिच्यावर गुंडाळलेली तंगूस, खाली वजनाला जुना स्पार्क प्लग आणि एक गरी. झालं. बाटलीचं तोंड पाण्याकडे धरायचं, वजन गरगर फिरवून सोडायचं. बाटली फिरत नाही, तंगूस तिच्या टोकावरून वेढे सोडत सुटत जाते. मी हसलो होतो. नंतर वाचताना कळलं की माझ्या देखण्या स्पिनिंग रीलचं तत्त्व नेमकं हेच. ब्रॅडफर्डच्या कापड धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं १९०५ मध्ये न फिरणाऱ्या स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं, आणि ती कल्पना त्याला गिरणीतल्या बॉबिनवरून सुचली असं सांगतात. म्हणजे मामाच्या बाटलीत आणि माझ्या रीलमध्ये फरक इतकाच, की माझ्याकडे हँडल होतं आणि ड्रॅग होता. दोन्ही उपयोगाचेच. पण मुळात मासा धरतं ते रील नव्हेच.

पहिल्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीवर गेलो. कुंडलिका जिथं समुद्राला मिळते तिथं, समोर कोर्लईचा किल्ला. मामा बाटली घेऊन, मी माझं शस्त्रागार घेऊन. दोन तासांत मामाला तीन शिंगाळे आणि एक बऱ्यापैकी तांबोशी. मला एक झाडाची फांदी. संध्याकाळी उजेड उतरल्यावर मात्र माझ्या नकली माशाला असा काही हिसका बसला की रॉड हातातून जातोय की काय! रील किंचाळायला लागलं. दहा-बारा वावांवर एक चंदेरी अंग अर्धं पाण्याबाहेर आलं, डोकं दोनदा झटकलं आणि परत आत. 'जिताडा!' मामा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी 'सावकाश, सावकाश' म्हणत असताना मी खरोखर सावकाश होतो. आणि तरी दोरी एकदम सैल झाली.

मामा जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'टोक बघ.'

दोरीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं होतं. दोरी तुटली असती तर टोक सरळ, नाहीतर पिंजारलेलं आलं असतं. वळलेलं टोक म्हणजे गाठ सुटली. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टॅक ट्रेस हातात होता आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते स्वच्छ लिहिलेलं होतं. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते. साध्या तंगुसीवर घट्ट बसणारी गाठ तिच्यावर हळूहळू घसरते. वेढे जास्त घ्यावे लागतात किंवा गाठच वेगळी मारावी लागते. हे मला माहीत नव्हतं, कारण मी बेअरिंगं मोजत होतो.

पैशाचं दुःख नव्हतं. तो नकली मासा साडेतीनशेचा असेल. पण त्याला दोन तिहेरी हूक होते, आणि तो जिताडा तोंडात सहा काट्यांचं ते लोढणं घेऊन खाडीत फिरणार होता, केवळ मला गाठ मारता येत नव्हती म्हणून. मी शाकाहारी वगैरे अजिबात नाही. मासा धरावा, खावा, मजेत खावा. पण हे तसलं नव्हे. त्या रात्री मामीनं केलेलं तांबोशीचं कालवण मला नीट जेवता आलं नाही. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की नवशिक्यानं सामान घेताना दुकानदार दाखवतो त्याच्या बरोब्बर उलट्या दिशेनं जावं. मासा, मग गरी, मग दोरी आणि गाठ, मग रॉड, आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात, रील.

का? कारण ही एक साखळी आहे आणि साखळी तुटते ती तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी. १५ पौंडी तंगूस म्हणजे जेमतेम ६.८ किलो. ड्रॅग लावायचा तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन किलोच्या आत. मग १२ किलोचा मॅक्स ड्रॅग घेऊन करायचं काय? त्याच्या आधी दोरी जाणार, दोरीच्या आधी गाठ. (घरच्या घरी मोजायचं असेल तर दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली रीलच्या दोरीला बांधून टांगा. बाटली जेमतेम, हळूहळू खाली सरकायला लागली की ड्रॅग बरोबर. वजनकाटा नको, ॲप नको.) बेअरिंगचंही तेच. खाऱ्या पाण्यात जास्त बेअरिंग म्हणजे गंजायला जास्त जागा, असं आता माझं मत आहे. स्वस्त पण बंद बांधणीचं, ३००० किंवा ४००० नंबरचं कुठलंही साधं रील घ्या. हे नंबरही कंपनीगणिक थोडे बदलतात. घरी आल्यावर ड्रॅगचा नॉब घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. प्रेशरनं मारलंत तर मीठ आत ढकललं जातं. पुसून वाळलं की नॉब सैल करून ठेवा. एवढं करणाऱ्याचं स्वस्त रील न करणाऱ्याच्या महागड्या रीलपेक्षा जास्त टिकतं.

गरीच्या नंबरांची मात्र गंमत आहे. ८ नंबरपेक्षा ४ नंबरची गरी मोठी, त्याहून १ नंबर मोठी, आणि मग १/० पासून गाडी उलटी फिरते, २/० त्याहून मोठी, ३/० अजून मोठी. हे ज्यानं ठरवलं तो नक्की लेगसी कोड लिहीत असणार. :-) नवशिक्याची चूक नेहमी एकाच दिशेनं होते, तो गरी फार मोठी घेतो. मोठा मासा छोट्या गरीला लागतो, पण छोटा मासा मोठ्या गरीला फक्त आमिष खाऊन जातो. दोन-तीन आकारांच्या दहा-दहा घ्या. तिहेरी हूक पहिल्या वर्षात घरात आणूच नका. आणि गरीचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करा. दोन-चार मासे जास्त सुटतील, सुटू देत. जो लहान मासा परत सोडायचाय त्याच्या तोंडातून, आणि कधीतरी तुमच्याच बोटातून, ती गरी सहज निघेल.

दोरीवर मी जरा भांडणार आहे. आजकाल प्रत्येक व्हिडिओत नवशिक्याला ब्रेडेड दोरी घ्यायला सांगतात. बारीक असते, लांब जाते, ताणत नाही, सगळं खरं. पण नवशिक्याला ताण हवा असतो! तंगूस ताणते, म्हणून तुमचा घाईचा झटका ती पोटात घालते. गाठ तिच्यात बसते (घट्ट करण्याआधी थुंकीनं ओली करा, नाहीतर घर्षणानं तापून तिथंच कच्ची होते). गुंता झाला तर सुटतो, नाही सुटला तर कापून टाकायला जीव तुटत नाही. ब्रेडचा गुंता म्हणजे संध्याकाळ संपली. शिवाय ती बोट कापते. आणि खडकात अडकून तुटली तर तिथंच राहते. दुसऱ्या ट्रिपला त्याच जेट्टीच्या खांबाला कुणाची तरी हिरवी ब्रेडेड दोरी गुंडाळलेली होती आणि तिच्यात पाय अडकलेला एक बगळा. मामानं डोक्यावर टॉवेल टाकून त्याला धरला, मी नेलकटरनं कापत बसलो. पाऊण तास. बगळा उडाला, पण एक पाय लोंबत होता. ती दोरी माझी नव्हती, पण रंग माझ्याच दोरीचा होता.

आणि ते फ्लुरोकार्बन. पाण्यात दिसत नाही म्हणून चौपट किंमत. भौतिकशास्त्र खोटं नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास, म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्याला जवळचं. पण महाराज, रेवदंड्याच्या खाडीत कोपरापर्यंत बुडवलेला स्वतःचा हात दिसत नाही, तिथं दोरी अदृश्य करून कुणापासून लपवायची? ते पैसे जिवंत कोळंबीवर घाला. जिताड्यासाठी शेवटचे दोन फूट जाड तंगूस लावा, ३०-४० पौंडी. त्याच्या गालफडांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि तोंड कानशीसारखं, बारीक दोरी तो घासून कापतो. वरच्या १५ पौंडी दोरीत शिसं मोकळं ओवायचं, मग स्विव्हेल, मग ही जाड तंगूस, मग गरी. इतकी साधी मांडणी, आणि मामाच्या बाटलीखाली थोड्याफार फरकानं तीच आहे.

रॉडबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सहा-सात फुटी, मीडियम, दोन तुकड्यांचा, बसमध्ये मावेल असा. त्याच्यावर छापलेले दोरीचे आणि वजनाचे आकडे वाचा आणि त्यांच्या आत राहा. दुर्बिणीसारखे घड्या होणारे रॉड मला आवडत नाहीत, सांध्यांत वाळू आणि मीठ जाऊन अडकून बसतात.

ज्या वस्तूला कुणी सामान म्हणतच नाही ती सर्वांत आधी घ्या. लांब नाकाची पकड. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. तो हातात घुसला की ठणका कसा असतो ते मी अनुभवलंय, वर्णन करत नाही. पकड, एक जाडसर फडकं आणि न घसरणारे बूट.

आणि फुकटातलं एक साधन. तिथी. मामाचा हिशोब असा, की तिथीच्या आकड्याला पाऊणपट करायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी संगणकावर तपासलं, मुंबईच्या आसपास गणित ढोबळमानानं जमतं, कारण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. (खडकावर उभं राहणार असाल तर मात्र छापील कोष्टकच बघा, पाऊणपटीवर जीव टाकू नका.) पुण्यातच सुरुवात करायची असेल तर तिथीची गरज नाही, पण चौकशीची आहे. बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणं. आळंदी-देहूच्या डोहांकडे तर या कामासाठी बघूही नका.

हे सगळं ज्युनिअरला एका दमात ऐकवलं. बिचारा उभ्याउभ्या कंटाळला असणार. म्हणाला, 'ठीक आहे, पण मग दहा हजारांत...' मी म्हटलं, तीनात भागव. पाचशेची तंगूस, गऱ्या, शिसं, पकड. उरलेल्या अडीच हजारांत रॉड आणि रील. बाकीचे सात पेट्रोलला आणि कोळंबीला ठेव, वर्षभर जाशील. आणि शुक्रवारपर्यंत मला एक गाठ दहा वेळा मारून दाखव, डोळे मिटून.

काल संध्याकाळी त्यानं चहाच्या टपरीवर खिशातून तंगुसीचा तुकडा आणि गरी काढली. दहापैकी सहा बसल्या, चार मी ओढल्यावर सुटल्या. परत सुरू केलंय. माझं १२ किलोवालं रील सध्या चौलला असतं. मामानं 'बघू तरी' म्हणून ठेवून घेतलं आणि त्यातली ब्रेडेड दोरी काढून आपली तंगूस भरली. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं जातोय. मामा कोळंबी बघतो म्हणालाय, मी दोन पकडी घेतल्यात.