फुकट तांदूळ, महाग फोडणी

महागाईचा विषय निघाला की एक गृहस्थ हमखास ऐकवतात, ‘गरिबाला कसली आलीय महागाई? त्याला धान्य फुकट मिळतं. मरतो तो मध्यमवर्गीय. वर फुकट खाऊन लोक आळशी झालेत, रानात मजूर मिळत नाही.’ रेशनच्या रांगेत हे गृहस्थ कधी दिसत नाहीत. पिशवीत काय पडते ते मात्र त्यांना तोंडपाठ! तेव्हा ती पिशवी उघडून पाहिलेली बरी.

प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ-गहू, सर्वांत गरिबांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. फुकट ते एवढेच. अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळत होता; जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. म्हणजे ज्या ‘फुकट’चा एवढा गाजावाजा, त्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला जास्तीत जास्त १५ रुपये वाचले.

आता चुलीकडे वळू. डाळ, तेल, कांदा, तिखट सगळे बाजारातून येते. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण खर्चातले सुमारे ४७ टक्के अन्नावर गेले. एकूण खर्चात धान्याचा वाटा जेमतेम ५ टक्के. रेशनमुळेही तो इतका कमी आहे, हे कबूल. पण उरलेल्या ४२ टक्क्यांना रेशनचा हात फारसा लागत नाही, आणि भडका उडतो तो तिथेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होत्या. त्याच्या आदल्याच महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचे आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले गेले. कारण सांगितले सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचे. त्या हंगामात महाराष्ट्रातल्या बाजारांत सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकले गेले. तेल तेवढे महागले. गृहस्थांच्या हिशेबात गरीब माणूस तांदूळ बहुधा कोरडाच चावत असावा.

आळसाचे म्हणाल तर ते रडगाणे जुने आहे. १९७२ च्या दुष्काळी कामांबद्दलही हेच बोलले जाई. भर उन्हात खडी फोडणारी बाई आळशी, असे सांगणारे तेव्हाही सावलीतच बसलेले असणार.

मग करायचे काय? तमिळनाडू रेशनवर तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपयांना देते. महाराष्ट्रानेही २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले होते, पण ते सणापुरते. डाळ फक्त सणालाच शिजते काय? ती आणि तेल दरमहा कार्डावर द्यावे, ज्वारीही द्यावी.

आणि कार्डासाठी राज्यात २०१३ च्या सुमारास ठरलेली उत्पन्नाची मर्यादा आधी बदलावी. प्राधान्य कुटुंबासाठी ती शहरात वर्षाला ५९,००० रुपये आहे. महिन्याला ५,००० रुपये मिळवून एकटीने घर चालवणारी घरकामवाली बाई या हिशेबात गरीब ठरत नाही.