आडनावावरून खुनी

शनिवारी मित्राकडे विषय निघाला जॅक द रिपरचा. एकजण चहा पिता पिता निकाल देऊन मोकळा : "अरे, ती केस सुटली ना! डीएनए जुळला. कॉस्मिन्स्की नावाचा पोलिश ज्यू होता." झालं! माझं डोकं सटकलं.

माझी रोजची रोजीरोटी म्हणजे दोन याद्यांमधली माणसं एकच आहेत का, ते ठरवणं. नुसत्या आडनावावर रेकॉर्ड जुळवलं तर पुण्यातल्या कुलकर्ण्यांचं काय होईल, कल्पना करा. इथे अगदी तेच झालंय.

१८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये बायकांचे खून पडले. १८९४ मध्ये मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याने टिपणात तीन संशयित लिहिले. त्यातला एक 'कॉस्मिन्स्की, पोलिश ज्यू'. पहिलं नाव नाही. (याच यादीतला ऑस्ट्रोग त्या काळात फ्रान्समध्ये तुरुंगात होता, हे पुढे उघड झालं. यादीचा दर्जा बघा!) १९१० मध्ये अँडरसनसाहेबांनी आठवणी लिहिल्या : खुनी पोलिश ज्यू होता. नाव नाहीच. त्यांच्या हाताखालच्या स्वॉन्सनने आपल्या प्रतीत पेन्सिलीने खरडलं, 'कॉस्मिन्स्की'. पुन्हा नुसतं आडनाव.

१९८७ मध्ये मार्टिन फिडो यांनी वेड्यांच्या इस्पितळांची दफ्तरं चाळली, तेव्हा सापडला आरॉन कॉस्मिन्स्की, धंद्याने न्हावी. आता जुळवा. मॅकनॉटन म्हणतो, १८८९ च्या मार्चच्या सुमारास इस्पितळात गेला. आरॉन कोल्नी हॅचला गेला फेब्रुवारी १८९१ मध्ये. स्वॉन्सन म्हणतो, लवकरच मेला. आरॉन मेला १९१९ मध्ये! म्हणजे स्वॉन्सन पेन्सिल चालवत होता तेव्हा बहुधा हा बिचारा जिवंतच होता. खुद्द फिडोंनीच त्याला बाजूला सारलं आणि डेव्हिड कोहेन नावाच्या दुसऱ्या रुग्णाकडे बोट दाखवलं. तो डिसेंबर १८८८ मध्ये दाखल झाला आणि १८८९ मध्ये वारला. पण त्याचं नाव जुळत नाही. म्हणजे नाव एकाचं, मरण दुसऱ्याचं!

आरॉन अगदी गोगलगाय होता असं नाही. बहिणीवर सुरी उगारल्याची नोंद आहे. पण इस्पितळाच्या कागदांत त्याला कुठेही खुनी म्हटलेलं नाही. त्याला आवाज ऐकू यायचे, दुसऱ्याच्या हातचं खायचा नाही.

आणि डीएनए? एक शाल, जी कॅथरीन एडोजच्या प्रेताजवळ सापडली म्हणे. पोलिसांच्या सामानाच्या यादीत तिचा पत्ता नाही. तपासलेला डीएनए आईकडून येणारा, जो हजारो माणसांत सारखाच असतो. २०१४ च्या पुस्तकात दुर्मिळ म्हणून मिरवलेला बदल तर युरोपात जवळजवळ सर्वांतच आढळतो, हे त्याच वर्षी जाणकारांनी दाखवून दिलं.

मग एवढी खात्री कशाच्या जोरावर? 'ज्यू' या शब्दाच्या. ८ सप्टेंबर १८८८ ला ॲनी चॅपमनचा खून झाला आणि दोन दिवसांत जॉन पायझर या ज्यू चांभाराला उचललं. तो निर्दोष ठरला, पण गल्लीतला राग ज्यूंवरच राहिला. अँडरसननेही लिहिलंच, की हे लोक आपल्या माणसाला पोलिसांच्या हाती देत नाहीत. म्हणजे पुरावा नाही, हाच पुरावा. कोर्टात उभं राहायची संधी आरॉनला कधी मिळालीच नाही, नाहीतर ही फाईल पहिल्याच तारखेला बाहेर फेकली गेली असती.

एवढं सगळं ऐकून मित्र म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण मग खुनी कोण?"

म्हटलं, माहीत नाही. तो वैतागून उठला आणि दुसरा चहा ठेवायला गेला.