होडी आहे, पण मोटार चालते का?

२५ जुलै २०२४ ची सकाळ पुणेकर विसरले नसतील. खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रोडवरील एकतानगरीत शिरले आणि माणसे बाहेर काढायला होड्या आणाव्या लागल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तो दिवस तर जुनी माणसे आजही सांगतात. नदीकाठच्या वस्तीला होडीचे मोल आम्ही काय सांगावे? पण तीच होडी भर प्रवाहात बंद पडली तर?

मोटार सुरू होते, थोडी चालते, वेग वाढवला की गुदमरते. मग प्लग काढा, दोरी ओढा, अशी धावपळ होते. पुष्कळदा दोष मोटारीत नसतोच. पेट्रोलच्या नळीत हवा शिरलेली असते. शेतावरचे डिझेल इंजिन हवा धरते, तसाच हा प्रकार. चिरलेल्या नळीने उसाचा रस ओढून पाहा. रस सांडत नाही, पण तोंडात हवाच येते.

तपासणी जमाखर्चासारखी एका टोकाकडून करावी. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद असला तर पेट्रोल ओढले जात नाही आणि नळीवरचा रबरी फुगा चपटा होतो. टाकीत पेट्रोल पुरेसे आहे ना, तेही पाहा. मग फुग्यावरचा बाण मोटारीकडे ठेवून तो दाबत राहा. फुगा घट्ट झाला पाहिजे. मऊच राहिला तर हवा शिरते आहे किंवा फुग्यातील झडप गेली आहे. जोडावरची रबरी रिंग, क्लिपा आणि नळीच्या चिरा बघा. तरी उलगडा झाला नाही तर दुसरी चांगली टाकी नळीसकट जोडा. मोटार नीट चालली, तर चोर जुन्या टाकीत किंवा नळीत सापडला म्हणून समजा. हे सारे उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे.

झिजलेली रिंग किंवा चिरलेली नळी बदलायला फार पैसा लागत नाही, पण ते काम पुराच्या रात्री होत नाही. म्हणून आमचे तरुण मंडळांना सांगणे आहे, मे महिन्यातच क्षेत्रीय कार्यालयात जा आणि विचारा: आपल्या भागासाठी होडी कुठे आहे, चालवणारा कोण आणि मोटार पाण्यात उतरवून शेवटची कधी चालवली? होडी कागदावर असून भागत नाही. ती पाण्यात चाललेली आपण डोळ्यांनी पाहिली पाहिजे.