समजूतदार इफिजिनिया

ग्रीक पुराणांतल्या बायकांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. हेलनवर सगळेच लिहितात, म्हणून सुरुवात तिच्या भाचीपासून करते. इफिजिनिया.

गोष्ट थोडक्यात अशी. हेलनला परत आणायला ग्रीकांचं आरमार ऑलिसच्या बंदरात जमलंय आणि वारा काही साथ देत नाही. सेनापती अ‍ॅगमेम्नॉनवर आर्टेमिस देवीचा कोप आहे, त्याने स्वतःची मुलगी बळी दिली तरच जहाजं हलतील, असं कॅल्कस हा भविष्यवेत्ता सांगतो. मग बाप घरी निरोप धाडतो, की अकिलीसशी लग्न ठरवलंय, पोरीला पाठवा. आई क्लायटेम्नेस्ट्रा हौसेने लेकीला घेऊन येते. पाहतात तर बोहला नाहीच, वेदी आहे!

पुढे काय झालं, यावर मात्र ग्रीकांचंही एकमत नाही. होमरच्या इलियडमध्ये हा बळी येतच नाही. एस्किलसच्या इ.स.पू. 458 सालच्या नाटकात तिचं तोंड बांधतात, मरताना तिने घराण्याला शाप देऊ नये म्हणून. दुसऱ्या कथेत देवी ऐन वेळी वेदीवर हरीण ठेवते आणि मुलीला दूर टॉरिसला, म्हणजे आजच्या क्रिमियात, नेऊन आपली पुजारीण करते. युरिपिडीसचं ऑलिसवरचं नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 405च्या सुमाराला रंगमंचावर आलं. त्यात ती आधी बापाकडे जिवाची भीक मागते आणि मग एकाएकी स्वतःहून मरायला तयार होते. ग्रीससाठी!

अ‍ॅरिस्टॉटलने या बदलाला नाव ठेवलं. विनवणी करणारी मुलगी आणि नंतरची मुलगी एक वाटत नाही, म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालायची माझी काय प्राज्ञा, पण मला हे पटत नाही. तिचं मन कधी बदलतं ते बघा ना. बापाने विनवणी ऐकलेली नाही. अकिलीस तिच्या बाजूने उभा राहतो, तर सैन्य त्यालाच दगडांनी मारायला उठतं आणि त्यात त्याचे स्वतःचे सैनिक सगळ्यांत पुढे. सगळी दारं बंद झाल्यावर ती म्हणते, मी तयार आहे. वर आईलाच समजावते, बाबांचा राग धरू नकोस. यात विसंगती कसली? आपल्याकडे अशा मुलीसाठी एक गोड शब्द आहे, 'समजूतदार'. घरात कुठली मुलगी समजूतदार ठरते आणि कधी, हे जरा आठवून बघा. बहुतेक वेळा निर्णय आधी झालेला असतो. होकार नंतर येतो, आणि कौतुक त्या होकाराचं होतं.

आता बापाचं बघा. टिमान्थीस नावाच्या प्राचीन चित्रकाराने हा बळीचा प्रसंग रंगवला. सगळ्यांचे दुःखी चेहरे काढले आणि अ‍ॅगमेम्नॉनचा चेहरा वस्त्राने झाकला. बापाचं दुःख रंगवण्यापलीकडचं आहे, म्हणून! शतकानुशतकं जाणकार त्या झाकलेल्या चेहऱ्याला दाद देत आले. पण चित्रात मरतेय कोण, आणि बघतोय कोणाकडे आपण?

दहा वर्षांनी क्लायटेम्नेस्ट्राने नवऱ्याला मारलं. मुलगा ऑरेस्टीसने आईला मारलं. त्याच्यासाठी एस्किलसने अथेन्समध्ये न्यायालय भरवलं, मतं समसमान पडली आणि तो सुटला. इफिजिनियासाठी न्यायालय भरलं नाही. तिचा खटला कोणी चालवलाच नाही.

नंतरच्या लोकांना तर तिचं मरण सोसवलंच नाही. रासीनने 1674मध्ये तिच्या जागी दुसरीच मुलगी मारली. ग्लुकच्या 1774च्या ऑपेरात देवीचा राग निवळतो. गोएथेने टॉरिसमधली, जगलेली इफिजिनियाच घेतली. त्याची इफिजिनिया मला आवडते, कारण ती राजाला खरं सांगून स्वतःची आणि भावाची सुटका करून घेते. पण हरीण आलं की आपणही सुटतो, हे खरं. बापाने सुरी उचलायला संमती दिली होती, हे विसरायला बरं पडतं. म्हणून मायकेल काकोयान्निसचा 1977चा सिनेमा मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात हरणाचा चमत्कार नाही. जमलं तर जरूर बघा, क्लायटेम्नेस्ट्रा झालेल्या आयरीन पापाससाठी तरी.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली आहे. अथेन्सजवळ ब्राउरॉनला आर्टेमिसचं देऊळ होतं. युरिपिडीसच्या दुसऱ्या नाटकात देवी अथेना सांगते, की बाळंतपणात मेलेल्या बायकांची वस्त्रं तिथे इफिजिनियाला वाहिली जातील. देशासाठी हसत मेलेली वीरकन्या म्हणून नाही, तर अकाली गेलेल्या बायकांची कोणी एक म्हणून ती तिथे आहे. मला तिची ही ओळख सगळ्यांत खरी वाटते.

असो. पुढच्या वेळी क्लायटेम्नेस्ट्रा. ती अजिबात समजूतदार नाही, त्यामुळे तिच्याशी माझं जास्त जमतं.